कोपऱ्यातलं खोकं

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, शिक्के मारायचे, पारड्याखाली चिकटवलेलं शिसं शोधून काढायचं, हे काम तो सव्वीस वर्षं करतोय. त्यामुळे एखाद्या वस्तूवर आकडा नसेल तर त्याला ती वस्तूच दिसत नाही. आजाऱ्याला भेटायला गेला तरी आधी वजन किती उतरलं ते विचारतो. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न होता, उंची किती. घरात सगळे त्याला पाठीमागे तराजू म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे.

तर या तराजूनं मोठा टीव्ही घेतला, दोन बाजूंना दोन स्पीकर लावले आणि मग त्याच्या डोक्यात सबवूफरचं, म्हणजे बास, खर्जातला आवाज, वाजवणाऱ्या वेगळ्या खोक्याचं खूळ शिरलं. बास हवा. खोल हवा, स्वच्छ हवा आणि खिशाला परवडणारा हवा. मागणी रास्त होती, नाही असं नाही. पण आठ महिने हा गृहस्थ नुसता निवडत होता. एक वही केली होती. तिच्यात चार रकाने: वॅट, इंच, हर्ट्झ, किलो. ऐकू कसं येतं, याला रकाना नव्हता.

मी स्पीकर दुरुस्त करतो. फाटलेले पडदे बदलतो, जळलेल्या कॉइल नव्यानं गुंडाळतो, दुकानाच्या पुढच्या भागात चार नवे सेटही विकायला ठेवतो. पण पिकतं तिथं विकत नाही. तराजू दर दोन दिवसांनी फोन करायचा, अर्धा तास मलाच बासबद्दल शिकवायचा आणि कोणा अनोळखी माणसानं इंटरनेटवर काय म्हटलंय ते वाचून दाखवायचा. बायको म्हणायची, थोरले आहेत, ऐकून घ्या. मी फोन टेबलावर ठेवून सोल्डरिंग करत बसायचो आणि अधूनमधून हं म्हणायचो.

त्याच्या घरात एक माणूस होता ज्याच्याशी बोलायला मला आवडायचं, आणि नेमकं त्यालाच ऐकू येत नव्हतं. साडूचे वडील, मी त्यांना काका म्हणतो. छापखान्यात चौतीस वर्षं मशीन चालवलेलं. कान तिथंच गेले. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेरही तिथंच गेलं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या कोपऱ्यात त्यांची वेताची खुर्ची असायची. तिथून रस्ता दिसायचा, टीव्ही दिसायचा आणि मुख्य म्हणजे घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड दिसायचं. काका ओठ वाचायचे. म्हणजे त्यांना घरात जे काही ऐकू यायचं ते त्या कोपऱ्यातून. तिथून उठवलं तर ते खरे बहिरे होणार होते.

आणि तराजूला नेमका तोच कोपरा हवा होता. खोकं कोपऱ्यात ठेवलं की बास दुप्पट होतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

"बाबांना तसंही ऐकू येत नाही," तो मला म्हणाला. "त्यांना बाहेर काय आणि आत काय."

आत म्हणजे मागची खोली. तिथं इस्त्रीचं टेबल, जुन्या बॅगा आणि एक झरोका, ज्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. ताई, म्हणजे माझी मेहुणी, एवढंच म्हणाली की आधी खोकं येऊ दे, मग बघू. त्या घरात 'मग बघू' म्हणजे होकारच असतो.

एका रविवारी दुपारी मी दोन सबवूफर घेऊन त्याच्याकडे गेलो. किंमत जवळजवळ सारखीच. एक लहान, काळं, सगळ्या बाजूंनी बंद, दिसायला अगदीच गरीब. दुसरं मोठं, पुढं भोक, भोवती निळा दिवा, पाठीवर हजार वॅटचं लेबल. ते मी मुद्दाम नेलं होतं, फरक कळावा म्हणून. तराजूनं काय केलं? पिशवीतून ताणकाटा काढला आणि दोन्ही खोकी दोरीनं बांधून तोलली. लहान नऊ किलो. मोठं चौदा. वहीत लिहिताना त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आता त्याच मोठ्या मॉडेलचं एक खोकं मी पूर्वी दुरुस्तीसाठी उघडलं होतं. आत तळाला फरशीचा तुकडा चिकटवलेला होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या पारड्याखालचं शिसं पकडणारा माणूस फरशीवर भाळला होता.

मी म्हटलं, साडूभाऊ, तोलू नका, ऐका. बास पाहुण्यासारखा असतो, आला पाहिजे आणि वेळेवर गेलाही पाहिजे. तो हसला. मी युद्धाचा एक प्रसंग दोन्हींवर लावला. लहान खोक्यावर तोफ धाडकन वाजली आणि गप्प झाली. मोठ्यावर तोफ वाजली, मग खोली घुमली, मग कपाटाच्या काचा थरथरल्या, तोवर पुढचं वाक्य कोण काय बोललं ते बुडालं होतं. तराजू डोळे मिटून मान डोलवत होता.

काका तेवढ्यात खुर्चीतून उठले. लहान खोक्यावर पंजा टेकवून उभे राहिले, मग मोठ्यावर. मला पुन्हा लावायची खूण केली. मी लावलं. मग ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात मला म्हणाले, "हे लहान घ्या. हे थांबतं. ते थांबत नाही." आणि पेर नसलेलं बोट वर करून दाखवलं. "न थांबणाऱ्या मशीननं हे नेलं."

आठ महिन्यांची वही एका पंज्यानं रद्द केली होती. मी इतकं नेमकं कधी सांगू शकलो नसतो. तराजूनं वडिलांकडे पाठ केली, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत, आणि मला म्हणाला, "आता बहिऱ्यानं बास निवडायचा?"

त्या क्षणी मला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, फरशीची. दुसरी जास्त महत्त्वाची: कोपऱ्यात ठेवलं की कुठलंही खोकं घुमतं, स्वच्छ बास हवा असेल तर कोपरा सोडावा लागतो. हे एक वाक्य बोललो असतो तर वेताची खुर्ची जागची हलली नसती. पण मी नाही बोललो. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, घे मेल्या, घुमू दे तुझं घर. महिनाभरात वरचे शेजारी दार वाजवतील आणि हात जोडत माझ्याकडे येशील. या विचाराची मला इतकी मजा वाटली की मी हसत हसत मोठ्याचं बिल केलं, लहान खोकं उचललं आणि घरी आलो. खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही.

दीड महिन्यानं फोन आला. बातम्या सांगणारी बाई विहिरीतून बोलल्यासारखी वाटते, वरचे दोनदा येऊन गेले, तू जरा ये. मी गेलो, आणि खोटं कशाला सांगू, शीळ घालत गेलो. कोपऱ्यात निळा दिवा लुकलुकत होता. मी तराजूला समोर बसवून कोपऱ्याचं शास्त्र सावकाश ऐकवलं. खोकं ओढून लांब भिंतीच्या मध्यावर, सोफ्याशेजारी ठेवलं, आवाज उतरवला. मग फरशीचंही सांगितलं. त्यानं खोकं उलटं केलं, तळाला टिचकी मारून पाहिली आणि पहिल्यांदाच त्याच्याजवळ बोलायला आकडा नव्हता. तेही मी चवीनं पाहिलं. तोफ लावली. वाजली आणि बऱ्यापैकी गप्प झाली. बाईचे शब्द सुटे ऐकू आले. तराजू सोफ्यावर रेलला.

मी म्हटलं, "कोपरा मोकळा झाला. काकांची खुर्ची आणू का बाहेर?"

त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. "तिथं उभा दिवा ठेवायचा विचार आहे," तो म्हणाला. "आणि बाबांना आता आतली सवय झालीय."

ताई कप गोळा करून आत गेली. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण कुठल्या तोंडानं बोलणार? खोकं विकलं मी आणि गप्पही बसलो मीच. उठलो आणि मागच्या खोलीत गेलो.

इस्त्रीच्या टेबलाला लागून त्यांची कॉट होती. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते, डावा पंजा भिंतीवर सपाट टेकवलेला. भिंतीपलीकडे टीव्ही होता. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळले आणि मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही आलात होय. वाटलंच मला," ते म्हणाले आणि भिंतीवर थोपटलं. "दीड महिना थांबतच नव्हतं. आता थांबतंय. चांगलं काम केलंत."

काका ओठ वाचतात. मी तोंड उघडलं नाही.