आजोबांचा एकुलता एक फोटो

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझे वडील नाहीत. हळदीत नाहीत, वरातीच्या स्वागताला नाहीत, पाठवणीलाही नाहीत. एका फोटोत पंगतीच्या टोकाला एक पाठ दिसते आणि तिच्या आडून बुंदीच्या पातेल्याची कड. ती पाठ बाबांची, हे फक्त मला कळतं. कन्यादानाला आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई बसले. बाबा म्हणाले, मोठ्या भावाचा मान असतो. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मी पाटावर बसलेली, डोळ्यांत पाणी आणि डोक्यात राग. मुलीच्या लग्नापेक्षा ह्या माणसाला बुंदी मोठी, असं मनात धरून मी सौंसरला सासरी गेले, आणि पहिल्या दिवाळीपर्यंत बाबांशी धड बोलले नाही.

पुढे राग निवला. बाबांना फोटोचं वावडं आहे हे घरात जगजाहीर होतं. जामसांवलीच्या मारुतीला गेलो की देवळाबाहेरचा फोटोवाला दिसताच बाबा चपला शोधायला लागायचे. चपला पायातच असायच्या. आम्ही खूप चिडवायचो, ते लाजून हसायचे. आई हसायची नाही, पण आई तशी फार हसणाऱ्यातली नव्हतीच.

पांढुर्ण्याच्या घरात फोटो होता तो एकच, आजोबांचा. बैठकीत शिरलं की समोरच. आजोबा इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले, गावात त्यांचं मोठं नाव. मी जन्मायच्या आधीच ते गेले. फोटोत डोक्याला फेटा, बंद गळ्याचा कोट, गोल चष्मा आणि पांढरीशुभ्र भरघोस मिशी. त्याचीच एक मोठी प्रत शाळेच्या हॉलमध्ये होती, एक नगरपालिकेत. मोठे बाबा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा पत्रकावर त्यांच्यापेक्षा आजोबाच मोठे छापले होते. पंधरा ऑगस्टला शाळेत त्या फोटोला हार घालून मी भाषण ठोकायची आणि दरवर्षी टाळ्या घ्यायची. बाबा शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे.

श्राद्धाच्या दिवशी घरच्या फोटोला हार बाबा घालायचे. आईचं त्या दिवशी हमखास डोकं दुखायचं. पहाटेपासून राबून सगळा स्वयंपाक करायची, पण बैठकीत पाऊल टाकायची नाही. "धुरानं कपाय ठणकून राहिलं," एवढंच म्हणायची. घरात गॅस आला, धूर गेला, तरी तिचं कपाळ त्याच दिवशी ठणकत राहिलं.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. तेरवीला फोटो पाहिजे म्हणून धावाधाव झाली. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आधार कार्डावर भल्याभल्यांचं भूत होतं, त्यात तो इतका मोठा केलेला. बाबांचा चेहरा पिठाच्या डब्यात पडल्यासारखा झाला. मोठ्या बाबांनी सुस्कारा सोडला. "काय करतं बाप्पा," म्हणाले, "फोटोच नाही त्याचा." हे ते आजोबांच्या फोटोखाली बसून म्हणाले. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. उलट मीच त्यांना पाणी आणून दिलं.

मग पांढुर्णा जिल्हा झाला. भोपाळच्या अभिलेखागारातून निरोप आला की नव्या जिल्ह्यातल्या नामवंतांचे जुने फोटो राज्याच्या संग्रहात ठेवायचे आहेत, मूळ प्रत किंवा निगेटिव्ह असेल तर फारच चांगलं. मोठ्या बाबांना स्फुरण चढलं. गावातला जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा फोटोवाल्यानं आमच्या घरचं पाकीट आणून दिलं होतं, त्यात निगेटिव्ह होतं. भिंतीवरच्या फोटोसोबत मोठ्या बाबांनी तेही देऊन टाकलं. वर्षभरानं कळलं की त्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय. मोठ्या बाबांचे गुडघे गेलेले. मी नुकतीच शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालेली. "आपल्या घराकडून कोणीतरी पायजेच," म्हणून त्यांनी मला पाठवलं. साहेबांसाठी संत्र्यांची पिशवी दिली. मी पांढुर्ण्याहून गाडीत बसले.

प्रदर्शन बघण्यासारखं होतं, हे म्हटलंच पाहिजे. राजे होते, वकील होते, एक पैलवान, एक गवई, नऊवारीतली एक डॉक्टरीण. सगळ्यांची हनुवटी वर, हात खुर्चीच्या नक्षीवर, मागे रंगवलेला पडदा. त्या काळी फोटोत हसायचं नाही असाच दंडक असावा. मी प्रत्येकासमोर थांबून नाव वाचत होते आणि मनातून फुगत होते. ह्या सगळ्यांच्या पंगतीला आता माझे आजोबा.

आमच्या जिल्ह्याची भिंत शेवटी होती. खाली आजोबांचं नाव. फोटो ओळखीचा होता, आणि नव्हताही. फेटा तोच, कोट तोच, चष्मा तोच. पण मिशी काळी. तोंडावर सुरकुत्या नाहीत. चाळिशीही न गाठलेला माणूस. आणि डाव्या भुवईच्या मधोमध हरभऱ्याएवढी मोकळी जागा.

ती जागा मला पाठ होती. बाबा तरुणपणी एकदा गोटमारीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत होणाऱ्या दगडफेकीत, उतरले होते, जाम नदीत, पांढुर्ण्याच्या बाजूनं. पलीकडून सावरगाववाल्यांचा दगड आला आणि भुवई फुटली. तिथं पुन्हा केस उगवले नाहीत. पुढे बायकोही सावरगावचीच मिळाली, तेव्हा बाबा म्हणायचे, "तो दगड सासरवाडीचा आहेर होता, परत कसा करतो?" लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्या जागेवर बोट ठेवायची. आजोबांनी कधी गोटमारीत पाय ठेवला नव्हता. ते तर ती बंद व्हावी म्हणून भांडले होते. हे माझ्याच भाषणातलं वाक्य.

तिथले अधिकारी शेजारी आले. घरच्या प्रतीवर ब्रशनं रंगकाम झालेलं दिसलं, म्हणाले, जुन्या फोटोंत ते असतंच, म्हणून आम्ही निगेटिव्हवरून नवा छापला. आजोबा तरुणपणी फारच रुबाबदार होते, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. घरासाठी एक प्रत त्यांनी आधीच काढून ठेवली होती, ती जाड पाकिटात घालून दिली. मी संत्री दिली.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं नाही. संताप आला. पहिलं काय डोक्यात आलं असेल, तर कन्यादान. चपला शोधणारे, पाठ फिरवणारे, पातेलं घेऊन पळणारे बाबा एकेक करून डोळ्यांपुढे आले. आपल्याच घरानं, आपल्याच माणसांनी मला जन्मभर वेड्यात काढलं होतं. आणि मी त्याच्यावर भाषणं केली होती.

सौंसरला न जाता पांढुर्ण्यालाच उतरले. मोठे बाबा पुढच्या बाजूला राहतात, आई मागच्या खोलीत. ती वाती वळत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "आई, बैठकीतला फोटो कोणाचा होय?"

आईनं हातातली वात पुरी वळली, मग वर बघितलं. "समजलं वाटते तुले," म्हणाली.

"तू सांग."

"शाळेवाल्यायले फोटो पायजे होता. मामंजीचा फोटो काढला होता कोणी? गावचे म्हातारे म्हणत, धाकटा हुबेहूब बापावर गेला. मंग तुह्या मोठ्या बाबायनं ह्यायले कोट घालून बसवलं. फोटोवाल्यानं मिशी पांढरी केली, सुरकुत्या काढल्या, भुवई भरली, अन् त्याचाच पुन्हा फोटो काढला. म्हणे, घरच्या घरी हाये, काय बिघडते? मंग तो पत्रकावर गेला, नगरपालिकेत गेला. मंग कसं सांगतं? कोणी ओयखू नये म्हणून ह्यायले मिशी काढाले लावली, अन् कधी फोटोत याचं नाही, असं कबूल करून घेतलं."

"अन् माह्यं कन्यादान?"

आईनं पुढची वात वळायला घेतली. मी पुन्हा विचारलं, जरा ओरडूनच.

"कन्यादानाले फोटोवाला समोर उभा रायते," आई म्हणाली. "अन् त्याच साली मोठे बाबा निवडणुकीत होते. आदल्या रोजी दोघं भाऊ बैठकीत बसून ठरवून आले."

"अन् तू हाव म्हटलं?"

"मले कोणी इचारलं?" आता आईचाही आवाज चढला. "तुले एका दिवसाचं लागलं. मले काय लागत असन? जित्या माणसाच्या फोटोले हार घालत, अन् घालणारे बी तेच! अन् मी कपायाले कुंकू लावून आत वडे तयत होती."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते मला कळलं. तरी त्या घटकेला मला आईचाही राग आलाच. सगळं ठाऊक असून तिनं मला त्या टाळ्या घेऊ दिल्या होत्या.

तशीच पुढच्या बाजूला गेले आणि पाकिटातला फोटो मोठ्या बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला.

"म्या तं उजेडाले धरून पायलं होतं," ते पुटपुटले. "मिशी पांढरीच दिसे."

निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. एवढा हुशार माणूस, तीनदा निवडून आलेला, आणि तिथं फसला. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पोट धरून हसले असते.

"भोपाळवाल्यायले खरं सांगा," मी म्हटलं. "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगतो."

त्यांनी आवाज चढवला नाही. पूर्वी भाषणात करायचे तसा हात वर केला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. तू सांगशीन, मंग काय होईन? फोटो उतरोतीन भिंतीवरून. आमचे बाबा बी जातीन अन् तुहा बाप बी जाईन. आता निदान टांगून तं हाये! नाही तं त्याले कोण टांगते भोपाळले? कापडाच्या दुकानात गज धरून बसे तो." मग म्हणाले, "अन् त्यानं नाही म्हटलं काय कधी? मले तं नाही म्हटलं नाही."

त्यांचं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. मोठ्या बाबांवर रागावणं सोपं. ते तसेच आहेत, गावाला माहीत आहे. बाबांवरचा राग कुठं ठेवावा कळत नव्हतं. भावाला त्यांच्यानं नाही म्हणवलं नाही, आणि मला मात्र सहज नाही म्हटलं. माझा हात कोणाच्या हातात द्यायचा एवढं एकच काम बापाचं असतं त्या दिवशी, तेही त्यांनी एका खोट्या फोटोसाठी भावाला देऊन टाकलं. वर मान म्हणून सांगितलं. मी ते तेवढं मनाला लावून घेतलं होतं, तर निदान मरताना तरी सांगायचं. शेवटचे आठ दिवस मी उशाशी बसून होते. संत्र्याच्या फोडी सोलून भरवत होते. तेव्हाही ते गोटमारीच्या गोष्टी सांगत राहिले.

भोपाळला मी काही कळवलं नाही. फोटो उतरवतील ह्या भीतीनं, दुसरं काही नाही. दोन दिवसांनी बाजारात जाऊन त्या प्रतीला चांगली फ्रेम करून घेतली. खाली आजोबांचं नाव छापलेलं होतं, ते फ्रेमवाल्याकडून पुठ्ठ्याखाली दाबून घेतलं. येताना शेवंतीचा हार घेतला. वाटलं, आईच्या खोलीतला तो आधार कार्डाचा फोटो काढावा आणि तिथं हा लावावा. आता बाबा नाहीत, आता हार घातला तर अपशकुन कसला? तेवढं तरी आईच्या पदरात पडेल, आणि माझ्याही.

आईनं फ्रेम मांडीवर घेतली. पदरानं काच पुसली, पुसलेली परत पुसली. बाबा तरणेबांड, कोटात बसलेले, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. भिंतीवरच्या फोटोत ते हसू पांढऱ्या मिशीखाली कधी दिसलंच नव्हतं.

"चांगले दिसतात ना व?" मी म्हटलं आणि खिळा ठोकायला वळले.

"नोको लावू," आई म्हणाली.

मला वाटलं, तिला मोठ्या बाबांची भीती वाटते. "आता कोण बोलते तुले? मी हाये न."

"तसं नाही." तिनं फ्रेम माझ्या हातात परत दिली. "ह्या फोटोतल्यायले मी जलमभर मेलेलंच पायलं, माय. जिते असतीन, असा एखादा असन तं दाव."

माझ्याकडे तसा नव्हता.