लांडग्याच्या पोटात काय सापडले

माघ वद्य पंचमीला, बुधवारी पहाटे मी चिखली सोडली. मोताळ्यापलीकडच्या एका गावी जाऊन-येऊन दमणीचे (हलक्या बैलगाडीचे) सहा रुपये ठरले होते. सोबत गाडीवान सखाराम आणि नमुने टिकवायला स्पिरिटच्या चार बाटल्या. मी शाळेत शास्त्र शिकवतो. नागपूरचे माझे जुने प्राध्यापक, मारलेल्या लांडग्यांच्या पोटात काय निघते याची नोंद जमवत होते. माळ मोडून कपाशी झाली, ससे-हरणे सरत आली. मग लांडगा खातो काय, हा त्यांचा प्रश्न.

वाटेत सखारामला हे सांगितले, तर तो म्हणाला, "माह्या पोटातलं पाहा ना मास्तर, फुकट दाखवतो. कालची अर्धी भाकर हाय."

बुलढाण्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी राजूर घाट उतरलो. घाटात सागाची खुंटे मोजू लागलो आणि दोनशेनंतर सोडून दिले. खाली पऱ्हाटी (कपाशीची झाडे) थेट रस्त्याला भिडलेली, बोंडे वेचून झालेली, काळी. गुरांना उभे राहायला जागा नाही.

गावात पाटलांकडे उतरलो. ज्वारीची भाकरी आणि झणझणीत ठेचा खाताना त्यांनी हकीकत सांगितली. तीन महिन्यांपूर्वी तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याची पाच वर्षांची यमी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) लांडग्याने नेली. आई दहा हातांवर कापूस वेचत होती. परकराचा तुकडा तेवढा सापडला. तेव्हापासून तुळशीराम कुऱ्हाड घेऊन फिरतो. लांडग्याच्या संशयावरून त्याने नऊ कुत्री मारली, असे पाटील म्हणाले. शुक्रवारी गाव हाका घालणार होते, म्हणजे आरडाओरडा करून लांडगा रानातून उठवून मारणार होते.

शुक्रवारी सकाळी यमीची आई पाटलांच्या ओट्यापाशी आली. पदर सावरून, खाली पाहत बोलली.

"मास्तर, जे निघन ते निघो. तुम्ही हाच व्हता म्हना. तुमचं आयकतीन ते."

मी विचारले, कुत्री नऊ का? ती म्हणाली, अकरा. दोन तिने स्वतः पुरली होती. शेवटचे त्यांच्याच घरचे होते.

दुपारपर्यंत हाक्यात एक लांडगी सापडली. भाल्यांनी मारली. लिंबाखाली सगळ्यांसमोर मी तिचे पोट उघडले. बोरांच्या बिया चौदा, उंदरांचे जबडे सहा, सशाचे थोडे केस, शेळीचे त्याहून थोडे. लांडगी इतकी हडकुळी होती की फासळ्या बाहेरून मोजता आल्या.

तुळशीराम समोर उकिडवा बसला होता. त्याने विचारले, "हेच व्हती का?"

पलीकडे त्याची बायको उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही. त्याला समजावले, की पोटात गेल्या दोन-तीन दिवसांतलेच राहते. तीन महिन्यांचे त्यातून कळत नाही. सांगता येत नाही.

त्याची बायको घरी निघून गेली.

मलकापूरच्या तहसिलीत कातडे नेऊन लांडगा मारल्याचे सरकारी इनाम आणायचे होते. पाटलांनी ते तुळशीरामला स्वतःच्या खिशातून आगाऊ दिले, कारण लांडगीवर पहिला भाला त्याचा होता. शनिवारी तो आमच्याच दमणीतून मोताळ्याच्या बाजाराला आला. जडीबुटीच्या दुकानाशी उतरला आणि कुचला (जनावरे मारायचे विषारी बी) मागू लागला. मी त्याचा हात धरला. मेलेल्या शेळीत तो घालशील तर कोल्हे, घारी, गिधाडे, लोकांची कुत्री, सगळे मरेल, म्हटले.

"तुम्हीच म्हनले ना मास्तर, सांगता येत नाई," तो शांतपणे म्हणाला. "मंग सारेच माराले लागतीन."

सोमवारी मी घरी पोचलो. बाटल्या नागपूरला पाठवल्या. नोंद अगदी काटेकोर आहे, असे प्राध्यापकांचे पत्र आले. मी जे लिहिले त्यातला एकही शब्द आज बदलणार नाही. पण त्या बाईला मी काय उत्तर द्यायला हवे होते, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

इनाम पाच रुपये, ते तुळशीरामला मिळाले. त्यातले तीन मोताळ्याच्या दुकानदाराला कुचल्याचे गेले आणि दोन एका धनगराला, म्हाताऱ्या शेळीचे.