खांदा साडेअठरा

गायत्री पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा स्वतःची मापं कागदावर लिहून घेऊन आली होती. छाती, कंबर, मुंढा, बाही, सगळं. मला टेप घेऊन तिच्या जवळ जावं लागू नये म्हणून तिनं तसं केलं होतं, हे मला फार उशिरा उमगलं. भोरात ब्लाउज शिवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. बाईचा खांदा चौदा इंच, फार तर पंधरा. त्या कागदावर लिहिलं होतं, खांदा साडेअठरा.

"हे गड्याचं माप आहे," मी म्हणाले.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "तेच घिऊन जन्माला आलेय मी."

मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही, पण त्यांना गप्पही केलं नाही. कापड घेतलं आणि गुरुवारी ये म्हणून सांगितलं.

तिची हकीकत मला पुढं थोडी थोडी कळत गेली. वेल्ह्याच्या पलीकडं, डांबरी रस्ता संपतो तिथून तासभर चढून गेलं की एक वाडी लागते. तिथं रखमाजींच्या घरात थोरला मुलगा म्हणून ती वाढली. त्या मुलाचं नाव मला माहीत आहे, पण ते मी इथं सांगत नाही. धाकटी बहीण शिवानी. घरची भातशेती, त्यामुळं भारे वाहून वाहून खांदे भरत गेले. गायत्री सतरा वर्षांची असताना आई आजारी पडली. झोळी करून तिला खाली रस्त्यापर्यंत आणलं. बाकीचे गडी आळीपाळीनं बदलले, पुढचा खांदा मात्र शेवटपर्यंत हिचाच होता. आई दवाखान्यात पोचली, पण घरी परत आली नाही. पुढं कितीतरी वर्षं वाडीतले लोक रखमाजींना म्हणायचे, पोराचे खांदे बघा. रखमाजींना बरं वाटायचं. पोर मात्र एकटं असलं की दोन्ही हातांनी आपलेच खांदे आत दाबून बघायचं.

चोविसाव्या वर्षी तिनं वडिलांना सांगितलं की मी मुलगी आहे, आणि मला तसंच जगायचं आहे. रखमाजींनी हात उचलला नाही की शिवी दिली नाही. ते उठून गोठ्यात गेले, आणि ही पिशवी भरून निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. ती भोरला आली. स्टँडामागच्या एका खानावळीत भाकऱ्या करायला लागली, आणि आज सात वर्षं झाली तरी तिथंच आहे. तिच्या हातच्या भाकरीसाठी ड्रायव्हर लोक थांबून राहतात.

त्या पहिल्या गुरुवारी ती ब्लाउज न्यायला आली. तिनं मोबाईलमधला एक फोटो दाखवून तसाच शिवायला सांगितलं होतं. आंब्याच्या रंगाचा, बंद गळ्याचा, फुग्याच्या बाह्यांचा. मी मुकाट्यानं शिवून दिला होता. पडद्यामागं जाऊन तिनं तो घातला, आरशात पाहिलं आणि खाली स्टुलावर बसली. फुग्यांनी खांदे आणखी दोन्हीकडं पसरले होते. पैसे देऊन ती निघाली. मला तिला तसं जाऊ देववेना. मी म्हणाले, थांब, मला नीट माप घेऊ दे.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हात लावला.

मग आम्ही दोघी त्या खांद्यांच्या मागंच लागलो. बंद गळा सोडून खोल व्हीचा गळा घेतला, म्हणजे नजर आडवी न जाता खाली उतरते. बाहीला एकही चुणी ठेवली नाही, ती कोपरापर्यंत सरळ आणली. बाहीची शिवण दीड इंच आत ओढली, म्हणजे बघणाऱ्याला खांदा तिथंच संपल्यासारखा वाटतो. ब्लाउज गडद आणि साधा, साडीला मात्र खाली रुंद काठ. पदराच्या बारीक निऱ्या घालून वर पिन मारली की दंड उघडा पडतो, म्हणून पदर सैल सोडायचा. तीन ब्लाउज बिघडले, चौथा बसला. त्या दिवशी ती आरशापुढून हलेचना. पलीकडच्या दुकानातल्या साळूबाई सहज आत आल्या आणि म्हणाल्या, कुणाची गं ही लेक, उंच आहे चांगली. गायत्रीनं माझ्याकडं पाहिलं. इतकं निखळ हसणं मी तिच्या तोंडावर पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या वैशाखात शिवानीचं लग्न ठरलं. मुलगा सारोळ्याचा, कार्यालय किकवीला. रखमाजींनी भावकीतल्या एकाकडून निरोप धाडला, यायचं तर पँट-शर्ट घालून ये आणि माझ्या शेजारी उभा राहा, नाहीतर येऊ नकोस. त्याच आठवड्यात शिवानीचा फोन आला. ती चोरून अधूनमधून फोन करायची आणि ताई म्हणायची. ती म्हणाली, "ताई, तू ये. पण कुणाला कळू देऊ नगंस."

गायत्रीनं ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, कुणी वळून बघणार न्हाई असा शिवशील?"

मी शिवला. गर्द निळा ब्लाउज, त्यावर मोरपंखी साडी. कानात लांब झुबे घातले, केस मागं बांधण्याऐवजी एका बाजूनं पुढं सोडले. ती एकटी जायला घाबरत होती, म्हणून मीही निघाले. विचारलंच कुणी, तर शिवानीचे ब्लाउज शिवणाऱ्या भोरच्या बायका, असं सांगायचं ठरलं. एसटीनं किकवीला उतरलो. कार्यालयात बायकांच्या गर्दीत मधोमध बसलो आणि अक्षता टाकल्या. एकानंही दुसऱ्यांदा मान वळवली नाही.

जेवणाच्या पंगतीत रखमाजी आले. फेटा बांधलेला, हात जोडलेले, प्रत्येकापुढं थोडं वाकून आग्रह करत होते. गायत्रीनं मान खाली घातली. ते आमच्यासमोर थांबले. माझ्याशी दोन शब्द बोलले, मग तिच्याकडं वळले. तिनं मान वर केली. बापलेक हातभर अंतरावर होते.

"ताई, पोटभर जेवा," ते म्हणाले. "लांबून आलाय, लाजू नका."

आणि पुढच्या पानाकडं सरकले.

मी खरं सांगते, त्या क्षणी मला आधी माझ्या शिवणीचाच अभिमान वाटला. मग शेजारी पाहिलं. गायत्रीनं पानातला एकेक पदार्थ संपवला. जिलेबी तिला आवडत नाही, तीही खाल्ली. वाढप्यानं विचारलं तेव्हा आणखी भातही घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती फक्त फार सावकाश चावत होती.

पाठवणीच्या वेळी शिवानी एकेकीच्या गळ्यात पडून रडत आमच्यापर्यंत आली. बहिणीला मिठी मारली असती तर रडणं आवरलं नसतं आणि लोकांना कळलं असतं. म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मला ती ओळखतही नव्हती. माझ्या पाठीमागून तिनं गायत्रीची दोन बोटं धरली होती. करवल्यांनी ओढून नेलं तेव्हाच ती बोटं सुटली.

परतीच्या एसटीत गायत्री खिडकीशी बसली. कापूरहोळ मागं पडलं. मग म्हणाली, "मावशी, ब्लाउज लई चांगला बसला. आबांनी वळखलं न्हाई."



चौथ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली आणि माझ्यासमोरच तिनं वडिलांना फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी उचलला. ती म्हणाली, "आबा, म्या लग्नाला आले होते. तुमी म्हणाला तशी पोटभर जेवले."

मशीन बंद होतं, त्यामुळं पलीकडचा त्यांचा श्वास मलाही ऐकू येत होता.

"ती मोरपंखी साडीवाली?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

त्यानंतर फोन ठेवल्याचा आवाज आला. तिनं लगेच पुन्हा लावला, त्यांनी घेतला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत घेतलेला नाही. शिवानी सासरहून सांगते की आबा बरे आहेत, भाताची लावणी झाली, पण हा विषय निघाला की उठून जातात. ते रागावलेत, की स्वतःचं लेकरू ओळखता आलं नाही म्हणून मनात जळतायत, हे तिलाही कळत नाही.

परवा गायत्री कामावर घालायला ड्रेस शिवायचा म्हणून साधं सुती कापड घेऊन आली. मी सवयीनं खडू घेतला आणि खांद्याची शिवण किती आत घेऊ, असं विचारलं. ती काउंटरवरची चिंध्यांची टोपली नीट लावत होती. "कशी बी घे मावशी," ती म्हणाली. "भाकऱ्या थापताना हात मोकळा हलला म्हंजे झालं."

मी शिवण आत न ओढता जिथल्या तिथं ठेवली. ड्रेस घालून तिनं दोन्ही हात पुढं-मागं करून पाहिले, ठीक आहे म्हणाली आणि आरशाकडं न बघताच कामावर गेली.