कोरडा शिधा

अमरावतीत घर घेतलं आणि पहिल्याच ईदला शेजारच्या भाभींकडून ताट आलं. शेवया, खारका, चारोळी, साखर आणि वर दुधाची पिशवी. सगळं कच्चं. गल्लीतल्या बिगर-मुस्लिम घरांना त्या असंच पाठवत, ज्यानं त्यानं आपल्या घरी शीरखुर्मा करून घ्यावा म्हणून. मला त्यांचं कौतुक वाटलं. आईचा चेहरा मात्र उतरला.

आम्ही दर्यापूरकडचे बौद्ध. आईच्या लग्नात गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना कोरडा शिधा वेगळा काढून द्यावा लागला होता, कारण आमच्या चुलीवरचं ते खात नसत. हे ती आजही रागानंच सांगते. आता तोच शिधा तिच्या दारात आला होता.

"ते आपल्याले त्या शिधा नेणाऱ्यायतलं समजली काय वं?" असं म्हणत ती ताट उचलून थेट शेजारी गेली. भांडणबिंडण होतंय की काय, म्हणून मीही मागोमाग.

"भाभी, आमाले शिजवलेलं काहून नाई देलं?"

भाभी गडबडल्या. "काकू, आमच्या हातचं तुमाले चालते का नाई, मालूम नोयतं."

"आमाले चालते. आमच्याच हातचं लोकाले चालत नोयतं," आई म्हणाली आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. दोन वाट्या शीरखुर्मा खाऊनच उठली. आपल्याला साखरेचा त्रास आहे, हे त्या दिवशी तिला बरोबर आठवलं नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला तिनं खीर केली. भाभींकडे तर पातेलंच गेलं. समोर मोर्शीकडचं एक शेतकरी कुटुंब राहतं, हिंदू. बोलायला गोड, पण आमच्याकडे चहाचं नाव काढलं की त्यांना नेमकी घाई असते. त्यांच्यासाठी आई ताटात तांदूळ, साखर आणि दुधाची पिशवी मांडत होती.

"आई, हे काय?"

"त्यायले बरं पडते," ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचा हात थांबला. तांदूळ तिनं परत डब्यात ओतले. वाटीत खीर वाढली, झाकण ठेवलं आणि स्वतः घेऊन गेली.

समोरच्या काकूंनी दारातच वाटी घेतली. संध्याकाळी ती घासूनपुसून परत आली, रिकामी. खाल्ली की टाकली, कोण जाणे. मला राग आला होता. मी आईला म्हटलं, विचार तरी.

"कायले? आपुन शिजवून देलं," ती वाटी फडताळात ठेवत म्हणाली. "पुढच्या साली बी शिजवूनच देईन."