टॉकीजच्या अंधारात गाव विचारणारा हात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी माहूरकडचा. गडाखाली अंगात आलेल्या बाया लहानपणापासून पाहत आलो, पण कधी कुणासमोर वाकलो नाही. शाळा सातवीत सुटली, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गावाकडे पाऊस नाही, हाताला काम नाही... ओळखीच्या एकाने मला लातूरच्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर म्हणून चिकटवलं. त्या माणसाचे उपकार आजही मानतो. पत्र्याची टॉकीज. एका बाजूला पुरुषांचा थर्ड क्लास, दुसऱ्या बाजूला लेडीज, मधे कमरेएवढी भिंत. हाऊसफुल्ल झालं की फुकटे घुसू नयेत म्हणून लेडीजच्या दाराला बाहेरून कडी लागायची, ही मालकाची पद्धतच होती. उरलं एकच दार — माझं. आणि ते आतल्या बाजूला उघडायचं.

दंगा करणाऱ्यांना गप्प करणं हे माझं काम. जिल्हा झाल्यामुळे ऑफिसांची बांधकामं निघाली होती. खेड्यापाड्यातून आलेली पोरं आठवडाभर घमेली उचलायची आणि रविवारी इथं मोकळी व्हायची. शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट, भिंतीवरून लेडीजकडे बघून काहीबाही बोलणं. मी बॅटरी घेऊन गेलो की म्हणायची, "ए बॅटरी, सोताच्याच तोंडावर मार की, हिरो दिसतो का बघू!" मी बॅटरी बंद करून परत दाराशी यायचो.

लेडीजच्या दारावर गयाबाई होत्या. पन्नाशीच्या, हातभर काचेच्या बांगड्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांची रीतच वेगळी. ओरडणं नाही, धमकी नाही. भिंतीला वळसा घालून यायच्या, जो जास्त दंगा करतो त्याच्या पायाशी खाली बसायच्या, गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारायच्या, "बाळा, गाव कोणतं रं तुझं?"

तो गडबडायचा. "शिरूर अनंतपाळ, मावशी."

"पाणी हाय का तिकडं?"

"न्हाई ना."

"माय कोणाजवळ हाय?"

झालं! पिक्चर संपेपर्यंत गडी मान वर करायचा नाही. एकदा मी विचारलं, मावशी, ही काय जादू? तर म्हणाल्या, "गाव सांगितलं की माय आठवती. माय आठवल्यावर शिट्टी कशी निघंल?" इतकी शहाणी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या रविवारी दुपारचा शो हाऊसफुल्ल होता. लेडीजमध्ये कडेवर लेकरं घेतलेल्या कितीतरी बाया. इंटरव्हलनंतर लाईट गेली. हाताला हात दिसेना. आरडाओरडा, शिट्ट्या... आणि निलंग्याकडचा एक सेंट्रिंगवाला नुसत्या मस्करीत ओरडला, "आग लागली रे, आग!"

सगळी टॉकीज उठली. भिंतीवरून उड्या, लेकरांचं रडणं. आणि सगळा लोंढा माझ्या दारावर. दार आत ओढायचं आणि लोक मला त्याच्यावरच दाबून राहिले! "मागं सरा, दार उघडू द्या!" मी ओरडत होतो. कोण ऐकतो? बॅटरी हातातून पडली. पायाखाली कुणीतरी बाई कळवळत होती. मला वाटलं, आज इथं माणसं मरणार.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात आला. थंडगार काचेच्या बांगड्या मानेला लागल्या. आणि कानाशी आवाज — "बाळा, गाव कोणतं रं तुझं?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माहूर."

आणि मग ऐकू आलं... माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "औसा." पलीकडून, "मुदखेड, मावशी." मागून, "उदगीर." लांब कोपऱ्यातून, भिंतीपलीकडून, सगळीकडून गावांची नावं. कुणी रडत सांगत होतं, कुणी हळू आवाजात. ओरडणं थांबलं. माझ्या छातीवरचा दाब सैल झाला. लोक मागं सरकून खाली बसले होते. मी दार ओढलं, उजेड आत आला, आणि लोक एकेक करून बाहेर पडले. पायाखालच्या बाईला त्या सेंट्रिंगवाल्यानेच उचलून आणलं. खरचटणं-मुका मार सोडला तर कुणाला काही झालं नाही.

बाहेर जो तो म्हणे, मावशी माझ्याजवळ आली होती. माझ्याजवळ म्हणजे माझ्याजवळच!

मी आत जाऊन पाहिलं, तर मावशी लेडीजच्या पार शेवटच्या बाकाजवळ. एका आजीने भीतीने त्यांना घट्ट मिठी मारली होती, ती अजून सोडत नव्हती. "ही जागची हाललीच न्हाई," आजी शपथेवर सांगत होती. दोघी-चौघी बाया मावशींच्या पाया पडायला लागल्या, "देवी आली गं अंगात!" मावशी भडकल्या. "उठा! आमच्यात अंगात येणं-बिणं न्हाई. आम्ही बौद्ध हाव. म्या काय केलं? म्या तर भिऊन बसले व्हते."

नंतर मी खूप डोकं चालवलं. एकाने गावाचं नाव घेतलं आणि बाकीच्यांनी री ओढली असेल? असेलही. पण त्या बांगड्या? त्या माझ्या मानेला लागल्या होत्या हो.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर चहा पीत बसलो. मावशी म्हणाल्या, "समद्यांना कोणीतरी इचारलं म्हणता. मला तर कोणीच इचारलं न्हाई बा. म्या वाट बघत व्हते, कोणीतरी येईल म्हणून."

कळायला मला थोडा वेळ लागला. मग मी कप खाली ठेवला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मावशी, गाव कोणतं तुमचं?"

त्यांनी सांगितलं. मग पदर डोळ्यांना लावला.

अंधारात कोण आलं होतं, ते मला अजूनही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा.