खळ्यावरचा मांडव

मी पालघरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि माझं माहेर सातपाटीचं. एवढ्या पात्रतेवर एका संस्थेने मला दुभाषी म्हणून पकडलं. सामूहिक जमीन आणि शाश्वत विकास यावरची त्यांची जागतिक परिषद बोईसरच्या हॉटेलात चालू होती. देशोदेशीच्या पाहुण्यांनी एसीत बसून जगभरची कुरणं, जंगलं, किनारे वाचवून झाले होते. आता त्यांना खरीखुरी सामूहिक जमीन बघायची होती. संस्थेने आमच्या गावचं खळं निवडलं.

खळं म्हणजे समुद्रालगतची मासळी सुकवायची जागा. ती कुणा एकीची नाही. कुणी कुठे बांबू रोवायचे ते बायकाच ठरवतात, त्यावरून भांडतात आणि पुन्हा ठरवतात. थंडीत तिथे दोऱ्यांवर बोंबील लोंबत असतात.

भेटीच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. तिचं अख्खं आयुष्य त्या खळ्यावर गेलंय.

"आमचे बांबू काडाय लागलेत. तुजी मानसं हायत ना ती?"

मी गेले तर अर्धं खळं मोकळं झालेलं आणि तिथे मांडव उभा राहत होता. जाकीट घातलेले संयोजक हसतमुखाने म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना सावली नको का? शिवाय वास येतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"होड्या उद्याही येतील. बोंबील कुठे टाकायचे बायकांनी?"

"फार महत्त्वाचा मुद्दा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी यावर एक सत्र ठेवू."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, मांडवात बसले. एका परदेशी बाईंनी विचारलं, मासे नक्की कुठे सुकवतात? मी म्हटलं, तुमची खुर्ची आहे तिथे. त्यांनी पाय वर घेतले.

मग सामूहिक भूमीची रक्षक म्हणून आत्याला शाल पांघरवली आणि माईक हातात दिला. ती म्हणाली, "मांडव कदी काडनार?"

संयोजक माझ्या कानाशी लागले, "त्या भारावून गेल्यात, असं सांगा."

मी आत्याचं वाक्य होतं तसंच इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बोईसरला गेले.

मांडववाल्याला तारापूरकडे लग्न होतं. तो संध्याकाळी फिरकलाच नाही. सकाळी मासळी आली तशी बायकांनी मांडवाच्या खांबांना दोऱ्या बांधल्या आणि झालरीखाली बोंबील टांगले. तो आला तेव्हा कापडाला वास लागला होता.

"आता हे कुठल्या लग्नात लावू मी?" तो कळवळून म्हणाला.

"तुज्या साहेबाच्या," आत्या म्हणाली.

त्याने मांडव उतरवला. बायकांनी आपले बांबू परत रोवले आणि जागेवरून नव्याने भांडल्या.

काही महिन्यांनी परिषदेचा अहवाल आला. त्यात आत्याचा शालीतला फोटो होता आणि खाली शिफारस: ही मोकळी जागा कायमस्वरूपी सभागृहासाठी योग्य आहे. मी ते वाचून दाखवलं. आत्या उठून शेजारणींकडे गेली.

लवकरच संस्थेचे दोघे टेप घेऊन मोजायला आले. बायकांनी त्यांना बोंबलांच्या रांगांतून आत जाऊ दिलं नाही. त्यांनी मला फोन केला, जरा समजावता का म्हणून. मी म्हटलं, वर्गावर आहे. तेव्हा मी आत्याच्या ओटीवर चहा पीत होते.