पाटावरची फळी

माझा मोठा भाऊ नाकोआ. लाटेवर स्वार व्हायची फळी करावी तर त्यानेच, असं आमचं अख्खं हालावा खोरं म्हणायचं. वायकीकीच्या किनाऱ्यावरची पोरं हल्ली फळीखाली पंख ठोकतात, त्या पंखांना तो कुबड्या म्हणायचा. लाट धरायची ती नुसत्या काठाने. हा काठ किती पातळ ठेवायचा हे अंगठ्याला कळावं लागतं, आणि बाईच्या अंगठ्याला ते कळत नाही, हे त्याचं ठाम मत. बाराव्या वर्षी मी चोरून केलेली फळी त्याने डुक्कर भाजायच्या खड्ड्यात घातली. वर म्हणाला, "लेपेका, जळते तरी छान." सगळे पोट धरून हसले. मेल्याची जीभच तशी.

म्हातारपणी त्याने नीरफणसाची शेवटची फळी केली आणि काळा रंग चढावा म्हणून, आमच्यात करतात तशी, अळूच्या खाचरात चिखलाखाली पुरली. दोन महिन्यांनी काढून तेल चोळायचं. तेवढ्यात त्याचे डोळे गेले. मरायच्या आधी एकदा तिच्यावर पालथं पडून लाट घ्यायची, एवढीच आस उरली होती त्याला.

फळी मी आधीच उपसली होती. उलटी करून खाचराच्या पाण्याच्या पाटावर आडवी टाकली, येण्याजाण्यासाठी. रोज सकाळी त्याचा हात धरून तिच्यावरूनच त्याला खाचरात न्यायची. तो गुडघाभर चिखलात अगदी बरोबर जागी चाचपायचा, आणि मी म्हणायची, दादा, म्हातारचळ लागलाय तुला, इथे नव्हे. वर्षभर हेच. खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला.

एका सकाळी पावसाने फळी धुऊन निघाली होती. मधोमध तो थांबला, खाली बसला, काठावरून अंगठा फिरवला.

"कुणी केली?"

"मी," म्हटलं.

त्याने अंगठा काठावरून पुन्हा एकदा टोकापर्यंत नेला. मग म्हणाला, "माझ्यापेक्षा बरा काठ धरलायस. तुझी ती फळी मी जाळायला नको होती."

हेच ऐकायला मी पन्नास वर्षं थांबले होते. निदान तेव्हा तरी खरं सांगायचं. नाही सांगितलं. मग माझी कशाला शोधू, राहू दे ती चिखलात, असं म्हणून तो घरी वळला. पुन्हा खाचरात आला नाही. अळूची पोई नको, मासा नको. पंधरा दिवसांत गेला.

फळी अजून पाटावरच आहे. मी लांबच्या वाटेने जाते.